‘रे.’ या अक्षराचा अर्थ

पदव्युत्तर वर्गात आधुनिक मराठी कविता शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अजून आठवतो. अभ्यासक्रमपत्रिकेवर ‘रे. ना. वा. टिळक’ असे छापलेले होते. तिने विचारले, “सर, नारायण हे नाव, वामन हे वडिलांचे, मग हा ‘रे’ कोणाचा?” वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि ‘रेव्हरंड’ या शब्दाचा कोशातला अर्थ सांगून पुढे सरकलो. तास संपल्यावर मात्र तो प्रश्न मागे राहिला. फुलामुलांचा कवी, निसर्गकवी, केशवसुतांचा समकालीन, बालकवींचा आश्रयदाता ही टिळकांची सगळी रूपे आपण शिकवतो. पण रविवारी मंडळीपुढे उभा राहून उपदेश करणारा, सेमिनरीत शिकवणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणारा जो मनुष्य त्या एका अक्षरात दडलेला आहे त्याची ओळख आपण करून देत नाही, कारण ती आपल्यालाच नसते. आमच्या वऱ्हाडापुरते तर हे अधिकच खरे आहे. अमरावती-अकोल्याच्या साहित्यिक इतिहासाची पाने उलटावीत, त्यांत संत भेटतात, वकील-पुढारी भेटतात, कवी आणि कादंबरीकार भेटतात. पाळक भेटत नाही.

वास्तविक टिळकांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती नगरलाही नव्हे आणि मुंबईलाही नव्हे, तर आमच्याच बाजूच्या रुळांवर. १८६७ साली भुसावळहून अकोला, बडनेरा करीत रेल्वे नागपूरला पोहोचली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला जो भाव आला त्याने या लोहमार्गाचे महत्त्व वाढवले, आणि कापसाच्या गाठी ज्या मार्गाने मुंबईकडे जात त्याच मार्गाने उलट दिशेने कलेक्टर, शिक्षक, व्यापारी आणि मिशनरी येत राहिले. टिळक त्या वेळी नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामात होते. पुढे ते राजनांदगावला निघाले. या प्रवासात गाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. चरित्रग्रंथांतून हा गृहस्थ म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड असे सांगितले जाते. पुढे यवतमाळ हे ज्या मिशनचे प्रमुख ठाणे झाले तेच हे मिशन. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला आणि अमेरिकन मराठी मिशनने त्यांना नगरला नेले. वऱ्हाडची मिशने आणि टिळक यांच्या वाटा अशा एकदाच, आगगाडीच्या बाकावर, एकमेकांना लागल्या आणि सुटल्या. नगरला छापखाना होता, १८४२ पासून निघणारे ‘ज्ञानोदय’ होते, सेमिनरी होती. म्हणून नगरच्या पाळकाचे शब्द कागदावर उतरले. वऱ्हाडातल्या पाळकाजवळ घोडा किंवा बैलगाडी होती, आणि आवाज होता.

वऱ्हाडातली मंडळी घडली कशी हे पाहिल्याशिवाय तिच्या पाळकाचे जीवन समजणार नाही. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात आला. १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला गेला. या मधल्या अर्धशतकात येथे निरनिराळ्या मिशनांनी जिल्हे जणू वाटून घेतले. अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, मेळघाटच्या कोरकूंमध्ये स्वतंत्र पहाडी मिशन, आणि पुढे विसाव्या शतकात बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन. उच्चवर्णीय शास्त्र्याशी वादविवाद, त्यातून एखाद्याचे मतांतर, मग पुस्तकांची लढाई हा जो पुण्या-मुंबईचा परिचित नमुना, तो येथे फारसा दिसत नाही. बाबा पदमनजींसारखा ग्रंथकार पाळक बेळगाव-मुंबई-पुण्याच्या वातावरणात निपजला. वऱ्हाडात मंडळी वाढली ती दुष्काळाने.

वऱ्हाडात दुष्काळ पडत नाही, काळी माती माणसाला उपाशी मरू देत नाही, असा एक समज होता. १८९६-९७ ने त्याला तडा दिला आणि १८९९-१९०० ने तो पार मोडून काढला. आईबाप गेलेली, टाकून दिलेली, वाटेवर सापडलेली मुले मिशनांच्या अनाथालयांत आली; अकोल्याला आणि खामगावला अशी मोठी आश्रयस्थाने उभी राहिली. या मुलांना गाव आठवत होते तर आडनाव आठवत नव्हते, आडनाव आठवत होते तर नातलग उरले नव्हते. ती मोठी झाली, सुतारकाम, शिवण, शेती शिकली, त्यांची आपसांत लग्ने झाली, आणि त्यांची मुले म्हणजे वऱ्हाडातल्या ख्रिस्ती समाजाची पहिली जन्मजात पिढी. अशा समाजात पाळकाचे काम केवळ धर्मोपदेशकाचे राहत नाही. ज्यांना मामा नाही त्यांचा तो मामा, मुलीच्या बाजूने बोलणी करणारा तोच, नातवाचे नाव ठेवणारा तोच. जुन्या गावात जे काम भावकी करी ते येथे एका माणसाच्या अंगावर पडले. धर्मांतराविषयी आपल्याकडे दोन्ही बाजूंनी एवढ्या चढ्या आवाजात बोलले जाते की, भावकी हरवलेल्या माणसांनी नवी भावकी कशी जुळवली हा मूळचा, साधा, सामाजिक इतिहास ऐकूच येत नाही.

येथे भाषेकडे वळावेसे वाटते. मराठी ख्रिस्ती परिभाषेने ‘चर्च’ या कल्पनेसाठी जो शब्द निवडला तो ‘मंडळी’. हा शब्द आपल्या कानाला किती घरगुती आहे! कीर्तनकार ‘मंडळी’ म्हणून श्रोत्यांना हाक मारतो. जुन्या पिढीतला गृहस्थ बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करतो. पंगतीला बसतात तीही मंडळी. देवाने बोलावलेल्यांचा समुदाय हा ग्रीक शब्दातला अर्थ त्यात उतरला आहे की नाही याची चर्चा धर्मशास्त्री करोत; पण वऱ्हाडातल्या त्या अनाथ पिढीला या शब्दाने घर दिले असणार असे आम्हांला वाटते. ‘पाळक’ हा दुसरा शब्द. त्यात मेंढपाळही आहे आणि पालनपोषण करणाराही. पालक या शब्दाशी त्याचे सख्खे नाते. तिसरा शब्द ‘तारण’. पापापासून सुटका या अर्थी तो बायबलात पानोपानी येतो. पण आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या कानी तारण हा शब्द प्रथम पडतो तो सावकाराच्या किंवा बँकेच्या दारात. सोने तारण, शेत तारण. गहाण पडलेल्या माणसाला सोडवून घेणे ही कल्पना नव्या करारातही आहेच, तेव्हा हा श्लेष निव्वळ विनोदी नाही. कापूस पिकवणाऱ्या आणि कर्जात बुडणाऱ्या मुलखात ‘तुझे तारण झाले आहे’ हे वाक्य उच्चारणाऱ्या उपदेशकाला त्याचा दुसरा अर्थ श्रोत्यांच्या चेहऱ्यावर दिसला नसेल असे संभवत नाही.

आणि उपदेश हाच तर या सगळ्याचा मध्य. मंडळीत दर रविवारी एक उपदेश होतो. वर्षाचे बावन्न; तीस वर्षे सेवा करणाऱ्या पाळकाचे दीड हजारांहून अधिक. एवढे गद्य दुसरा कोणता मराठी लेखक रचतो? वचन वाचायचे, त्याचा प्रसंग सांगायचा, अर्थ उलगडायचा, मग तो ऐकणाऱ्याच्या आठवड्याला लावून दाखवायचा, ही त्याची बांधणी. ती निबंधाच्या जवळची आहे आणि कीर्तनाच्या पूर्वरंगाचीही शेजारीण आहे. आपल्या वाङ्मयेतिहासाने कीर्तनाला जागा दिली, प्रवचनाला दिली, वक्तृत्वालाही दिली. लोकमान्यांची व्याख्याने, आगरकरांचे अग्रलेख आपण गद्यशैलीचे नमुने म्हणून लावतो. ख्रिस्ती उपदेश मात्र ‘प्रचार’ या कप्प्यात टाकून मोकळे होतो. प्रचार तर तो आहेच. पण महानुभावांचे लीळाचरित्र, तुकोबांचे अभंग, रामदासांचा दासबोध यांपैकी कशात आपल्या मताचा प्रचार नाही? प्रचार असूनही वाङ्मय कसे होते हाच साहित्याच्या अभ्यासकाचा प्रश्न असायला हवा होता.

अमरावती जिल्ह्याने या बाबतीत एक अपवाद पाहिला आहे, तो गाडगेबाबांचा. अस्सल वऱ्हाडी बोली, श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्याची रीत, मधूनच उचलून धरलेले भजन. १९५६ साली, त्यांच्या निधनाच्या थोडेच आधी, त्यांचे एक कीर्तन ध्वनिमुद्रित झाले म्हणून ती शैली आज आपण वर्गात ऐकवू शकतो. ध्वनिमुद्रण नसते तर बाबांविषयीच्या आख्यायिका उरल्या असत्या, त्यांचे वाक्य उरले नसते. वऱ्हाडातल्या पाळकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. अकोल्याच्या किंवा अचलपूरच्या बाजारात उभे राहून वऱ्हाडीत ‘उधळ्या पुत्रा’ची गोष्ट सांगणाऱ्या माणसाने ती कोणत्या शब्दांत सांगितली असेल? बाप शेताच्या धुऱ्यावर वाट पाहत उभा राहिला असेल की ओसरीवर? तो उधळा पोरगा डुकरांची पेंड खात होता की सरकी?

कीर्तनाचे नाव निघालेच आहे तर सांगितले पाहिजे की, ख्रिस्ती मंडळींनी हा प्रकार लवकरच आपलासा केला. नगरकडे कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तने केली, पदे रचली. त्यामागून टिळक आले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. त्यांच्या आधी परदेशी चालींवर बेतलेली गीते गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग, ओवी आणि भजन दिले. ‘उपासनासंगीत’ हा गीतसंग्रह वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरातही सापडतो. टिळकांचा कवितासंग्रह ज्या घरात कधी आला नाही तेथेही टिळकांच्या ओळी पाठ आहेत, बहुधा ते टिळकांचे आहेत हे माहीत नसताना. एका कवीला याहून मोठा वाचकवर्ग, खरे तर गायकवर्ग, मिळालेला आम्हांला ठाऊक नाही. आणि तरीही टिळकांच्या कवितेवरच्या प्रबंधांत ‘वनवासी फूल’ आणि ‘सुशीला’ यांना जी पाने मिळतात त्यांच्या मानाने ‘भजनसंग्रह’ आणि ‘अभंगांजली’ यांना मिळणारी जागा किती तोकडी असते!

पाळकाच्या घराचे चित्र मराठीत एकच आहे, पण ते असे आहे की दुसऱ्याची उणीव भासू नये. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. देवदत्त टिळक वडिलांच्या चरित्राची साधने जमवीत होते, त्या निमित्ताने आईने आठवणी लिहायला घेतल्या, आणि चरित्रनायकापेक्षा आठवण सांगणारीच मोठी होऊन बसली. आपण ‘स्मृतिचित्रे’ शिकवतो ती विक्षिप्त नवरा आणि सोशिक, मिस्कील बायको यांची कहाणी म्हणून. ती तशी आहेच. परंतु ‘रे.’ या अक्षराचा अर्थ शोधत ती पुन्हा वाचली तर तिचा उत्तरार्ध हा पाळकाच्या कुटुंबाचा दस्तऐवज म्हणून उलगडू लागतो. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर, माहेरच्या-सासरच्या माणसांत राहिल्या. मग नगरला आल्या, वेगळी चूल मांडून, सोवळे सांभाळून. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. या दोन टोकांमधला जो काळ आहे तो कोणत्याही उपदेशातून आलेला नाही. तो आला पाणी, भांडी, शेजारीण आणि मूल यांच्यातून. टिळकांनी युक्तिवाद करून बायकोला वळवले नाही. बाईंनी जातिभेद सोडला तो स्वतःच्या डोक्याने विचार करून, आणि तो विचार त्यांनी स्वयंपाकघराच्या भाषेत लिहिला. पाळकाच्या पत्नीचा असा उपदेश व्यासपीठावरच्या उपदेशापेक्षा जड भरतो, हे टिळकांनाही कळत असावे.

त्या घराचे अर्थकारणही पाहण्यासारखे आहे. पगार मिशनचा, तोही थोडा, आणि यजमानांचा हात सैल. घरी स्वतःचा एक मुलगा, पोटच्या मुलीसारखी वाढवलेली तारा, शिवाय कोणाकोणाची मुले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात भेटलेला सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे याच घरात राहायला आला. धर्म बदलण्याची अट त्याला कोणी घातली नाही. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरी राहून, त्यांच्याच पंगतीला जेवून, ठोमरे हिंदू राहिला आणि ‘बालकवी’ झाला. मिशनरी म्हणजे कोणालाही गाठून बाटवणारा असे सरसकट समीकरण मांडणाऱ्यांनी आणि उलट बाजूने मिशनची सेवा म्हणजे निरपेक्ष करुणा एवढेच म्हणणाऱ्यांनीही या एका खोलीचा विचार करावा. खुद्द टिळकांनाही मिशनच्या चौकटीचा जाच झालाच. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणवले आणि ‘देवाचा दरबार’ उभा करण्याच्या खटपटीला लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतील असा तो दरबार. ९ मे १९१९ रोजी ते वारले, दरबार फारसा भरू शकला नाही. संस्थेच्या दृष्टीने हे अपयश. पण देशी ख्रिस्ती पाळकाने पगार देणाऱ्या परदेशी संस्थेला दिलेले ते उत्तर होते, आणि त्यात जी अडचण व्यक्त झाली ती वऱ्हाडातल्या प्रत्येक देशी उपदेशकाची होती. बंगला साहेबाचा, मंडळी याची. शब्द याचा, सही साहेबाची.

प्रवास हा या जीवनाचा मोठा भाग. पावसाळा सरला, वाटा वाळल्या की दौरा निघे. तंबू, बैलगाड्या, पुस्तकांची पेटी, औषधांची पेटी, कधी जादूचा कंदील. आठवडी बाजार आणि जत्रा हे उपदेशाचे मुख्य ठिकाण. मुलाबाळांच्या दृष्टीने हाच सहलीचा काळ. आंब्याच्या झाडाखाली तंबू आणि विहिरीवर आंघोळ. उन्हाळ्यात मात्र ज्याला शक्य असेल तो चिखलदऱ्याची वाट धरी. वऱ्हाडचे हे एकमेव थंड हवेचे ठिकाण, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच, जवळच १८०३ साली वेलस्लीने घेतलेला गाविलगड. गोऱ्या मिशनऱ्यांना तेथे मैदानातल्या उन्हापासून सुटका मिळे. पण चिखलदरा म्हणजे मेळघाट, आणि मेळघाट म्हणजे कोरकू. या डोंगरात काम करणाऱ्या मिशनमधल्या जॉन ड्रेक यांनी १९०३ साली कोरकू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. मराठी आणि हिंदी यांच्या सरहद्दीवर बोलली जाणारी, पण या दोहोंशी मुळात नाते नसलेली, मुंडा कुळातली ही भाषा. तिला व्याकरण आहे हे प्रथम पद्धतशीर मांडले ते एका धर्मोपदेशकाने, कारण त्याला त्या भाषेत बोलायचे होते. आमच्या विद्यापीठाच्या परिसरापासून कोरकूंची गावे शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत. भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही अजूनही उदाहरणे संस्कृत आणि इंग्रजीची देतो, हेही कबूल करून टाकावे.

आता वाचन आणि लेखन. अकोल्याच्या मिशन बंगल्यात राहिलेल्या जेनी फुलर या बाईंचे ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ हे पुस्तक १९०० साली निघाले. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. बालविवाह, वैधव्य, देवदासी यांवरचे हे इंग्रजी पुस्तक भारतीय स्त्रीची दैन्यावस्था परदेशी वाचकापुढे मांडते, आणि त्यातला दयेचा स्वर आज खटकतो. नेमक्या याच वऱ्हाडात, बुलढाण्याला, अठरा वर्षे आधी, १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली होती. विषय बराचसा तोच. पण ताराबाई दया मागत नाहीत, भांडतात. आणि भांडण आपल्याच घरातल्या पुरुषाशी, आपल्याच बोलीत. एका बाईला छापखाना, प्रस्तावना आणि समुद्रापलीकडचे वाचक मिळाले. दुसरीचे पुस्तक जवळजवळ नव्वद वर्षे विस्मृतीत पडून राहिले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा पुढे आणल्यावर आपण वाचू लागलो. अकोला ते बुलढाणा हे अंतर काही तासांचे. या दोन पुस्तकांना शेजारी ठेवून लिहिलेला एक तरी प्रबंध आमच्या विभागातून यावा अशी इच्छा आहे. रमाबाईंनी स्वतः हयातीच्या अखेरच्या वर्षांत बायबलाचे मराठी भाषांतर पूर्ण केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली निघाले; साध्या बायकांना कळावे म्हणून संस्कृत शब्द टाळत केलेले ते काम. पाळकाच्या टेबलावर ते क्वचितच पोहोचले. तेथे बायबल सोसायटीची प्रत राहिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र बदलत गेले. १९५३ साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि वऱ्हाडातल्या एका कापूसपेठेत देशभरातून होऊ घातलेले पाळक येऊन राहू लागले. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. १९७० साली नागपूरला उत्तर भारत मंडळी स्थापन झाली, वऱ्हाडातली काही मिशने तिच्याबाहेर राहिली. या संस्थांचे वृत्तांत इंग्रजीत आहेत. पाळकांच्या घरातल्या वह्या मात्र मराठीत आहेत: उपदेशाची टिपणे, कोणत्या रविवारी कोणते वचन घेतले त्याची यादी, समासात पेन्सिलीने लिहिलेली तुकारामाची एखादी आठवण, मागच्या पानावर नाताळच्या करंज्यांसाठी खोबरे, रवा, साखर यांचा हिशेब.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतरच्या वर्षी आम्ही अभ्यासक्रमपत्रिकेत एक किरकोळ दुरुस्ती सुचवली. ‘रे.’ऐवजी ‘रेव्हरंड’ असे पूर्ण छापावे. समितीत ती मान्य झाली. छापून आलेल्या पत्रिकेत ‘रेव्हरंड’ही नव्हते आणि ‘रे.’ही नव्हते, नुसते ‘ना. वा. टिळक’ होते.